विहिरींवरून नेलेला रूळ

सलग दुसऱ्या वर्षी ऊस नव्हता. बॉयलर थंड, उसाची गव्हाण कोरडी, चिमणीच्या कडेला कबुतरं. पण कारखान्याची हजेरी मात्र सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला चालूच होती. दोन्ही सह्या नसल्या की माणूस आपणहून काम सोडून गेला असं धरायचं, असा संचालक मंडळाचा ठराव. म्हणून आम्ही सगळे रोज गेटच्या आत यायचो आणि पाच वाजेपर्यंत आतच बसायचो. फिटर पत्ते कुटायचे. केमिस्ट शब्दकोडी सोडवायचे. मी स्टोअरकीपर. माझ्याकडे बेअरिंगं, पट्टे, वॉशर, नट-बोल्ट सगळं मापाप्रमाणे रांगेत, प्रत्येक कप्प्यावर लेबल, आणि मागायला कुणीच येत नव्हतं. मी रेल्वेचे डबे बनवायचो.

डबे मापातले होते, खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. हा नाद जुना. सासुरवाडी धर्मापुरीची, त्यामुळे तिकडे गेलो की परळीला चक्कर व्हायची. तिथं औष्णिक केंद्राच्या कोळशाच्या गाड्या उभ्या असतात. एकदा टेप लावून उघड्या डब्याचं माप घेताना पोलिसानं हटकलं.

"काय चोरायचंय बे?"

"रुंदी," मी म्हणालो.

तो हसला आणि मला हाकलून दिलं. उंची राहिली, ती पुढच्या खेपेला घेतली.

डब्याच्या बाजू तेलाच्या रिकाम्या डब्याच्या पत्र्याच्या. रिव्हेट उठवायच्या तर पत्रा रबरावर उलटा ठेवायचा आणि संपलेल्या बॉलपेनच्या टोकानं मागून दाबायचं. पुढच्या बाजूला नेमका दाणा उठतो. जोर जास्त झाला तर भोक पडतं आणि अख्खी बाजू बाद. ब्रेकच्या दांड्यांना जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार. गंजाचा रंग विकत आणायची गरज नव्हती, भंगाराच्या ढिगातला खरा गंज चाळून घेतला की झालं. डब्यात परळीचाच कोळसा, कुटून. एक खंत मात्र राहायची. आपला रुंद रूळ सत्त्याऐंशीपट लहान केला तर साधारण एकोणीस मिलिमीटर भरतो, आणि मुंबईहून मागवलेला तयार रूळ आणि चाकं साडेसोळाची. त्यामुळे माझे डबे किंचित पाय आवळून उभे राहिल्यासारखे दिसत. बघणाऱ्याला कळत नसे, मला दिसत असे.

ज्येष्ठात रजा टाकून पुण्याला एका लग्नाला गेलो होतो. तिथं मॉडेलं बनवणारी एक कार्यशाळा आहे. बिल्डरांना इमारती, संग्रहालयांना धरणं, इंजिनं असं करून देतात. बुटाच्या खोक्यात डबा घालून मी तिथं गेलो. मालकीणबाईंनी भिंगातून डबा उलटासुलटा पाहिला. ब्रेकची दांडी कशाची, एवढंच विचारलं. मी सांगितलं. "दिवाळीनंतर कामावर या," त्या म्हणाल्या. "रेल्वेचं मोठं काम घेतलंय. दिवाळीच्या पुढं मात्र मला थांबता येणार नाही."

बायकोला हे सांगितलं तेव्हा ती घागरींच्या रांगेतून आली होती. कॉलनीत टँकर एक दिवसाआड यायचा. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "अहो, मग बसलाय कशाला? बांधा की सामान."

पण स्टोअरकीपरला नुसता राजीनामा देऊन जाता येत नाही. चार्ज द्यावा लागतो. दुसऱ्या माणसानं कप्पा न कप्पा मोजून सही केल्याशिवाय किल्ल्या खाली ठेवता येत नाहीत. तशाच ठेवल्या, तर पुढं नाहीसा होणारा प्रत्येक बोल्ट तुमच्या नावावर. आणि बंद कारखान्याचं स्टोअर अंगावर कोण घेणार? अकाउंटच्या क्लार्कला विचारलं तर तो हात जोडून म्हणाला, "साहेब, मला लेकरंबाळं हायती." मी जितकं नीट लावून ठेवलं होतं तितके लोक त्याला जास्त भीत होते. इतक्या कप्प्यांत एक जरी कमी निघाला तर लगेच दिसेल, असं त्यांचं म्हणणं.

शेवटी मी चेअरमनसाहेबांकडे गेलो. नमुना म्हणून डबा बरोबर होता. त्यांनी माझं बोलणं ऐकलं की नाही माहीत नाही, पण डबा टेबलावर मागेपुढे ढकलत राहिले.

"ही चालती का?"

"इंजिन लावलं तर चालते."

"आपल्या भागातून रेल्वे जायची म्हणतात, किती वर्षं झाली ऐकतोय. कारखान्यापर्यंत एक फाटा निघाला तर कसा दिसेल, ते सभेत मांडा. लोकांना डोळ्यांनी दिसू द्या. मग तुमच्या चार्जचं मी बघतो. त्या क्लार्कची सही माझ्याकडे लागली."

वार्षिक सभा भाद्रपदात असायची. ह्या सभेत सभासद काय विचारणार हे सगळ्यांना ठाऊक होतं: गाळप कधी चालू होणार? आणि त्याला उत्तर नव्हतं. हे मला तेव्हाच जोडून घेता आलं असतं. मी रुळाची वळणं किती ठेवायची याचा विचार करत होतो.

साहेबांना एक फळी, वर एक रूळ आणि धावणारी गाडी एवढंच पाहिजे होतं. मला ते करवलं नाही. तलाठ्याकडून गावांचे नकाशे आणले. कारखान्यापासून हमरस्त्यापर्यंतचा सगळा पट्टा, एकेका गटासकट, प्लायवूडवर उतरवला. डोंगर चिपाडाच्या भुशाचे, खळीत कालवून. बांध सुतळीचे. विहिरी म्हणजे बुटाच्या लेसच्या पितळी रिंगा. नकाशात जिथं विहीर तिथं एक रिंग ठोकलेली. जमीन गाडीच्या मापात बसवणं शक्य नव्हतं, त्यामुळे एक डबा दोन शेतं झाकायचा, ते मान्य करून टाकलं. चढ मात्र खोटा केला नाही. गाडीला चढ सोसत नाही, खऱ्या नाही आणि माझ्याही नाही. म्हणून रूळ टेकडीला वळसा घालून, ओढ्याच्या कडेनं, उतार सांभाळत आणला.

बायको एकदा स्टोअरमध्ये डबा घेऊन आली, जेवणाचा, आणि फळ्यांकडे बघत राहिली. "त्यांनी गाडी दाखवा म्हटलं," ती म्हणाली, "तुमी तर भूसंपादनच करून ठेवलं."

ते तिनं थट्टेत म्हटलं होतं.

सभेच्या दिवशी मांडव, सतरंज्या, स्टेजवर साहेब आणि स्टेजखाली माझी मांडणी. अहवाल वाचून झाला. मागून कुणीतरी उठून "गाळपाचं काय?" असं ओरडलं तेवढ्यात साहेबांनी मला खूण केली. मी बटण दाबलं. मुंबईहून मागवलेलं इंजिन कोळशाचे पाच डबे ओढत टेकडीमागून निघालं आणि मांडव शांत झाला. मग पुढची रांग उठली, तिच्यामागची उठली, आणि बघता बघता लोक फळ्यांभोवती चार-चार पदरी उभे राहिले.

पहिल्यांदा एका म्हाताऱ्यानं बोट ठेवलं. "ही रिंग कशाची?"

"विहीर आहे, बाबा."

"ही तर माझी इहीर हाय!" तो मागं वळून ओरडला. "अरे, माझ्या इहिरीवरून चाललीय गाडी!"

मी घाबरलो. आता भांडण होणार, असं वाटलं. म्हणालो, "बाबा, थोडी बाजूनं घेता येईल."

"बाजूनं कावून? हीवरूनच न्या. पाणी तर न्हाईच, निदान गाडी तरी जाईल."

लोक हसले, आणि मग खरं भांडण सुरू झालं. ज्याच्या गटावरून रूळ गेला नव्हता तो प्रत्येक जण मला विचारू लागला, का नाही गेला. "ह्याच्यावरून नेली, माझ्यावरून कावून न्हाई? मी काय घोडं मारलं?" एकानं दुसऱ्याला म्हटलं, "तुझा मेव्हणा स्टोअरात हाय का बे?" उतार, चढ, वळण असलं मी समजावत होतो. कुणी ऐकेना. तेवढ्यात स्टेजवरून सगळे विषय मंजूर झाल्याचं जाहीर झालं आणि सभा संपली.

दुसऱ्या दिवसापासून सभासद स्टोअरला येऊ लागले. मांडणी तिथंच आणून ठेवली होती. कुणी सातबारा घेऊन यायचा, कुणी भावाला घेऊन. रूळ बोटभर इकडे सरकवा म्हणायचे. मी एकदा सरकवला, सुटका व्हावी म्हणून, आणि तीच चूक झाली. रूळ सरकतो हे कळल्यावर रांग वाढली. मी अर्जांसारखी त्यांची मागणी लिहून घेऊ लागलो, गावाप्रमाणे लावू लागलो. सवय जात नाही. गेटमधून आत येणारे सगळे आता माझ्याकडे यायचे. ऑफिसकडे कुणी फिरकेना.

मी साहेबांकडे गेलो. सभा झाली, आता चार्ज, असं म्हणालो.

ते खिडकीशी उभे होते. तिथून स्टोअरचं दार आणि लिंबाच्या सावलीत बसलेले सभासद दिसतात. "किती शांत चाललंय बघा," ते म्हणाले. "गेल्या वर्षी ह्याच लोकांनी माझी गाडी अडवली होती. आता तुम्हाला सोडून कसं चालेल? तुमची ती गाडी चालू आहे तोवर तुम्ही इथंच."

"आणि ती बंद पडली तर?"

"तर तुमचं इथं काय काम? दिवाळीच्या पाडव्याला जा." ते हसले. पण ती बंद पडणार नाही, एवढी पारख त्यांनी माझी केली होती.

मी हिशेब सरळ मांडला. मांडणी मोडली की कारण संपतं, क्लार्कची सही होते, आणि दिवाळीनंतर मी पुण्यात. मोडायचं एवढंच काम. तरी दसरा गेला. रोज आठला सही, रोज रांग, रोज पाचला सही. स्टोअरच्या खिडकीला जाळी आहे. इतकी वर्षं ती चोरांसाठी आहे असं मी समजत होतो.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत कुणी नाही असं पाहून मी पक्कड घेतली आणि रूळ उखडायला सुरुवात केली. हमरस्त्याकडच्या टोकापासून. खिळे बारीक, काळजीनं काढावे लागत. हातभर निघाला असेल, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"कावून उपटताय, भाऊ?"

चाळिशीतली बाई, हातात पिशवी. नवऱ्याच्या नावचा शेअर आहे म्हणाली. नवरा टोळीबरोबर पुढं गेला होता, कर्नाटकात ऊस तोडायला. आठवड्याभरात दुसरा ट्रक येणार, त्यातून ती आणि लेकरं जाणार होती. सभासद आमच्या कारखान्याची, कोयता परमुलखातल्या उसाला. तिच्यासारखे निम्मे होते.

मी पक्कड हातातच ठेवून म्हणालो, "मावशी, उगाच चालत आलात. ही गाडी खरी नाही. हा भुसा आहे, सुतळी आहे. मी रूळ कुठूनही नेला तरी रेल्वे तिथून जाणार नाही."

"आमी येडे वाटलो का तुमाला?" ती म्हणाली. रागावली नव्हती. "खोटी हाय म्हणून तर आले. खरी येईल तवा कोण इचारतंय आमाला? मोजतील, दगड रोवतील, जातील. हितं निदान बोलाया मिळतंय. तुमी लिहून बी घेता म्हणं."

मी फळ्यांवर वाकलो. विचारलं, "तुमच्या विहिरीवरून पाहिजे का?"

"इहीर न्हाई आमाला. आमचं शेत दावा आधी."

गट नंबर तिला पाठ होता. शेत सापडलं, ते नेमकं मी नुकताच रूळ उपटला होता त्या भागात होतं. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. बोट लावलं नाही.

"हितं बांधाला थांबा द्या," ती म्हणाली. "ट्रकात लेकरं लई गुदमरतात. वर कोयते, भांडी, शेळी, सगळं एकातच. गाडी मिळाली तर उसाच्या फडापर्यंत बसून जाता येईल. आन् टेसनावर नळ असतोय ना? तेवढा नळ दावा."

मी खुर्ची ओढली. थांबा द्यायचा तर रूळ परत लावणं आलं. मी पक्कड उलटी केली आणि उपटलेला रूळ त्याच खिळ्यांनी ठोकू लागलो. ती बघत उभी होती, त्यामुळे थांबताही येईना. फलाट काड्यापेटीच्या लाकडाचा केला. नळ तांब्याच्या तारेचा, टोकाला सोल्डरचा थेंब. त्याची चावी फिरती करून बघितली, पण इतक्या लहान मापात ती फिरेना. ट्रक यायच्या आधी ती पुन्हा आली, धाकट्या मुलीला घेऊन, आणि मुलीला कडेवर घेऊन तिला नळ दाखवला. "चालू हाय का?" मुलीनं विचारलं. "हाय," आई म्हणाली, आणि दोघी गेल्या.

दिवाळीच्या आधी मी पुण्याला फोन केला आणि यायला जमणार नाही असं कळवलं. मालकीणबाईंनी कारण विचारलं. चार्ज घ्यायला माणूस नाही, असं सांगितलं, आणि ते खरंच होतं. मन हलकं झालं असं इथं लिहिता आलं असतं. झालं नाही. फोन ठेवल्यावर मी स्टोअरच्या किल्ल्यांचा जुडगा हातात घेतला आणि तो नेहमीइतकाच जड होता.

बायकोनं दोन दिवस बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी वाढताना म्हणाली, "साऱ्या तालुक्याला गाडी दिलीत. आपल्याला तेवढी पुण्याची एसटी धरता आली न्हाई."

मी भाकरी मोडली.

सकाळी आठला सही केली. स्टोअरच्या दारात पाच-सहा जण आधीच उभे होते, त्या बाईच्या गावचे. त्यांच्या बांधालाही नळ पाहिजे होता.