न उघडलेले रिपोर्ट

आमच्या इस्पितळात तिला सगळे रेकॉर्डबाई म्हणायचे. तळमजल्यावर तिची खोली, आणि भिंतीपलीकडे माझी एक्स-रेची खोली. बावीस वर्षं ती पेशंटांची नोंद ठेवत होती. आधी कागदी फायली होत्या. मग कॉम्प्युटर आला, तेव्हा कुणी शिकवायची वाट न बघता तिने स्वतःच डेटाबेसचा एक प्रोग्रॅम बांधला. नंबर टाकला की नाव, वय, कधी आला, कोणत्या डॉक्टरकडे गेला, सगळं एका पानावर. बाई बोलायला तुसडी होती, पण तिच्या पानात चूक सापडली असं कधी झालं नाही.

पुढे वरून हुकूम आला, की रिपोर्ट कागदावर द्यायचे नाहीत, इंटरनेटवरच्या फोल्डरांत ठेवायचे. मी एक्स-रे काढायचो, तपासणारे डॉक्टर रिपोर्ट लिहायचे, आणि मी तो पेशंटच्या फोल्डरमध्ये टाकायचो. टाकला की माझं काम संपलं. तो बघायचा तर डॉक्टरांनी वेगळी साइट उघडायची, पासवर्ड टाकायचा, वर्ष, महिना, मग नंबर शोधायचा. बाहेर रांग लागलेली असताना एवढा उपद्व्याप कोण करणार? डॉक्टर पेशंटला सांगून मोकळे व्हायचे, काही निघालं तर कळवू.

बाईला हे खटकत होतं. आपल्या पानावरूनच ते फोल्डर उघडता आले पाहिजेत, असं तिच्या मनाने घेतलं. साइटवाल्या कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं की असं होत नाही. बाईने फोन ठेवला आणि तीन आठवडे स्वतःला त्या कामाला जुंपून घेतलं. एका दुपारी तिने मला भिंतीवर थाप मारून बोलावलं. पानाच्या उजव्या बाजूला एक चौकट होती, तिच्यात पेशंटचे सगळे फोल्डर एकाखाली एक. क्लिक केलं की रिपोर्ट तिथल्या तिथे उघडत होता. साइटवर आपोआप होणाऱ्या नोंदींवरून प्रत्येक रिपोर्टसमोर तिने दोन रकाने केले होते: कधी टाकला आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा कधी उघडला. दुसरा कशाला, असं मी विचारलं. तर म्हणाली, कागदी फाइल नेताना सही घ्यायचो, मग इथे का नको?

चालतंय का ते बघायला तिने तोंडपाठ असलेला एक नंबर टाकला. तो तिच्या थोरल्या बहिणीचा होता. आई लवकर गेल्यामुळे या बहिणीनेच तिला वाढवलं होतं. वर्षभरापूर्वी खोकला हटत नव्हता म्हणून बाईनेच तिला आमच्याकडे आणलं होतं. पुढे कुणी काही कळवलं नाही, म्हणजे सगळं ठीक असणार असं धरून दोघी निर्धास्त राहिल्या. बहीण खोकल्याचं औषध पीत राहिली.

रिपोर्ट अकरा महिन्यांपूर्वी टाकलेला होता. उघडल्याचा रकाना कोरा.

बाईला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिने आणखी दहाबारा नंबर टाकून पाहिले. तारखा बरोबर येत होत्या. मग तिने बहिणीचा रिपोर्ट उघडला. उजव्या फुप्फुसात लहान गाठ दिसते, तातडीने पुढची तपासणी करावी, असं लिहिलं होतं. टाकणाऱ्याच्या जागी माझी खूण होती. मी मागेच उभा होतो. तिने रिपोर्ट छापायला लावला. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने कोऱ्या रकान्यांची यादी काढली. तीनशे अठरा नावं निघाली. ती घेऊन अधीक्षकांकडे गेली, मलाही सोबत नेलं. साहेबांनी आधी चौकटीचं तोंडभरून कौतुक केलं. मग यादी वाचली आणि उलटी करून टेबलावर ठेवली.

"बाई, फोल्डर दिसले पाहिजेत, एवढंच काम होतं. हा दुसरा रकाना काढून टाका."

"आणि ही माणसं?"

"समिती नेमू. ती बघेल."

बाईने रकाना काढला नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ती यादीतल्या लोकांना फोन करू लागली. तुमचा रिपोर्ट आलाय, येऊन डॉक्टरांना भेटा, एवढंच सांगायची. कुणी नंबर बदलला होता. कुणाच्या घरचे म्हणायचे, ते तर गेले. मग ती त्या नावापुढे फुली मारून पुढचा नंबर लावायची. एकोणनव्वद फोन झाले आणि तिच्या हातात पत्र पडलं: पेशंटची गोपनीय माहिती परवानगीशिवाय वापरली. तिची बदली कपड्यांच्या कोठारात झाली, चादरी आणि उशांचे अभ्रे मोजायला. रकाना काढायला बाहेरून माणूस आणला, त्याचं काम अर्ध्या तासात उरकलं. चौकट मात्र ठेवली. साहेबांनी ती मोठ्या बैठकीत स्वतः दाखवली, आणि टाळ्या घेतल्या.

बहिणीचे उपचार आमच्याकडेच सुरू झाले. गाठ आता लहान राहिली नव्हती. एका संध्याकाळी मी भेटायला गेलो, तेव्हा बाई तिचे पाय चेपत होती. बहीण छताकडे बघत म्हणाली, "तू त्याच कॉम्प्युटरसमोर बसायचीस ना गं? अकरा महिने?"

"हो, ताई."

बहिणीने पाय आखडून घेतले. पाच महिन्यांनी ती गेली. त्या काळात दोघी औषधांपलीकडे फारसं बोलल्या नाहीत, असं बाईनेच मला नंतर सांगितलं. मी माफी मागितली, तेव्हा म्हणाली, तुम्ही तुमचं काम केलंत. हे वाक्य शिवीपेक्षा जास्त लागलं.

पुढच्या वर्षी एक गवंडी तिला शोधत आला. एकोणनव्वदांतला एक. बाईच्या फोनमुळे तो वेळेवर आला होता, ऑपरेशन होऊन पुन्हा कामावर जायला लागला होता. चौकशीच्या खिडकीवर त्याला सांगितलं, अशी कुणी बाई इथे नाही. मी त्याला कोठारात घेऊन गेलो. तो हात जोडून उभा राहिला. बाईने त्याला स्टूल दिलं.

"केवढी होती गाठ?" तिने विचारलं.

त्याने बोटाच्या पेरावर दाखवलं.

"ताईचीही तेव्हा एवढीच होती," ती म्हणाली.

गवंड्याला काही कळलं नाही. तो थोडा वेळ बसला, आपल्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं, आणि निघाला. बाईने अभ्र्यांचा पुढचा गठ्ठा ओढला आणि मोजायला लागली.