डाव्या गुडघ्याचे उमेदवार

बर्नाडेट थिबोडो कॉलेजच्या मेसच्या दारात उंच स्टुलावर बसायची आणि येणाऱ्या पोरांची कार्डं यंत्रातून सरकवायची. पोरांची ती मिस बर्नी. सव्वीस वर्षं हेच काम. पण बाईंची एंट्री बघावी! सकाळी सातला लाल चष्मा, कानात पाळण्याएवढे डूल, आणि शेवटच्या टेबलापर्यंत पोचणारा आवाज. "चला माझ्या लेकरांनो, आज वॉफल माणसांनी खाण्यासारखे झालेत!"

सप्टेंबर उजाडला की मेसचं सगळं नाटकच बदलायचं. काल पायजम्यात येऊन कॉर्नफ्लेक्स चिवडणारा पोरगा आज सुटाबुटात. न्यूयॉर्कच्या बँका आणि सल्लागार कंपन्या गावातल्या हॉटेलात तळ ठोकायच्या आणि पोरं मुलाखतींना रांगा लावायची. पहिल्या वर्षी कुणाला मलेरिया संपवायचा असायचा, कुणाला कविता करायच्या असायच्या. चौथ्या वर्षी हेच महात्मे अंड्यावर मीठ टाकता टाकता "शिकागोत न्हावी किती?" याचा हिशोब करायचे. मुलाखतीत असलंच विचारतात.

"अरे, न्हावी मोजतोस कशाला?" बर्नी म्हणायची. "एकाकडे जाऊन ये आधी. डोक्यावर चिमण्यांनी घरटं केलंय."

या कंपन्यांची एक परीक्षा मात्र कागदावर नसायची. विमान रद्द झालं, आठ तास विमानतळावर अडकलो, तर या पोराबरोबर वेळ जाईल का? मुलाखतीत सगळेच गोड असतात, मग ओळखायचं कसं? व्हिटलॉकने आपल्यापुरता तोडगा काढला होता. तोही याच मेसमध्ये वाढलेला. आता एका सल्लागार कंपनीचा भागीदार होता आणि त्याला टक्कल पडलं होतं. अंतिम यादीच्या आदल्या सकाळी तो कॉफी घेऊन बर्नीच्या स्टुलाशी उभा राहायचा आणि हळूच विचारायचा, "मिस बर्नी, यंदा माणसं कोण?" बर्नी दोन नावं सांगायची. बस्स. पण असल्या गोष्टी मेसमध्ये लपतात थोड्याच!

यंदा एक नाव तिच्या मनात पक्कं होतं. टोबायस रेनफ्रो. केंटकीतल्या खाणीच्या गावातून आलेला. इथे ज्याला त्याला कुठल्या ना कुठल्या बँकेत काका. टोबीच्या साता पिढ्यांत वशिल्याचा काका झाला नव्हता. तीन वर्षं न्याहारी झाली की तो तिच्या स्टुलासमोरच्या बाकावर येऊन बसायचा आणि दोघांच्या गप्पा रंगायच्या. व्हिटलॉकच्या कंपनीत जायचं त्याच्या मनात फार होतं.

आणि मग तो सोमवार आला.

"मिस बर्नी! डावा गुडघा कसा आहे?" एका पोरीने लडिवाळपणे विचारलं.

बर्नीचा गुडघा दुखायचा खरा, पण उजवा. असेल चूक, म्हणून तिने कार्ड सरकवलं.

"डाव्या गुडघ्याला शेक देताय ना?" पाठोपाठ दुसरा.

तिसऱ्याने गुडघ्याखाली घ्यायला उशी आणली. चौथ्याने तिच्या मांजरीची पोटदुखी विचारली, नाव घेऊन. तीन वर्षांत ज्याने मान वर केली नव्हती तो कॉलेजच्या होड्यांच्या शर्यतीतला सहा फुटी नावाडी म्हणाला, "माझ्या आजीचाही डावाच!" नऊ वाजेपर्यंत एकवीस जणांनी डाव्या गुडघ्यासाठी हळहळ व्यक्त केली. उजवा बिचारा दुर्लक्षित ठणकत राहिला.

बर्नीने नावाड्याची टाय धरली. "ए ताडमाडा, इकडे ये. हे कुणी शिकवलं?"

त्याने घामाघूम होऊन फोन पुढे केला. मुलाखतीची तयारी करणाऱ्या टोळीत एक तक्ता फिरत होता. वर तिचं नाव. खाली मांजर, गुडघा, लुइस्टनची बहीण, तिच्याशी अबोला. आणि शेवटी सूचना: "विनोदावर दोनदा हसावे. तिसऱ्यांदा खोटे वाटते."

लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. पण बहिणीशी धरलेला अबोला तिने एकाच माणसाला सांगितला होता.

दुपारी टोबी आला.

"टोबी, माझा कुठला गुडघा दुखतो रे?"

"डावा," तो म्हणाला आणि बरोब्बर दुखऱ्या गुडघ्याकडे बोट केलं.

"हा माझा उजवा, गाढवा! समोर बसणाऱ्याला डावा दिसतो."

पोरगा पांढराफटक पडला.

"तीन वर्षं एवढ्यासाठी बसलास होय?"

"नाही हो, मिस बर्नी! शपथ! आधी नुसताच बसायचो. मुलाखतीच्या तयारीला ती टोळी मला घेत नव्हती. प्रत्येकाने काहीतरी आणायचं असतं. कुणाचा काका जुने प्रश्न देतो, कुणाचा मोठ्या माणसांना भेटवतो. माझ्याकडे तुम्हीच होतात."

पुढचं कार्ड तिने दोनदा सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिटलॉक कॉफी घेऊन हजर. "काय मिस बर्नी, यंदा माणसं कोण?"

"माणसं कसली? तुझ्या यादीपायी माझी नाटकमंडळी झालीय इथे!" तिने तक्त्याची सगळी कथा रागारागाने, नकलांसकट ऐकवली.

व्हिटलॉकचे डोळे चमकले. "कुणी बनवला तो?"

"का? कान उपटणार आहेस?"

"कान? नोकरी देणार आहे! माणसाची अशी फोड करणारा शोधत तर आम्ही गावोगाव फिरतो."

"अरे मेल्या, मी तक्रार करतेय!"

"आमच्याकडे याचाच पगार देतात, मिस बर्नी."

"आणि गुडघा चुकला त्याचं काय?"

"ते गिऱ्हाइकाच्या लक्षात यायच्या आत आम्ही निघालेलो असतो. नाव सांगा." त्याने खिशातून चोपडी काढली.

रांगेच्या टोकाला टोबी ताट धरून उभा होता. इकडे बघायची त्याची छाती होत नव्हती. नाव गिळून टाकलं असतं तर कुणाला कळलं असतं? ती दुसरीच दोन नावं सांगणार आणि टोबी केंटकीला परतणार, एवढंच.

"टोबायस रेनफ्रो," ती म्हणाली. "पण त्या चोपडीत हेही लिही, की त्या तक्त्याच्या आधी तीन वर्षं हा पोरगा नुसता बसायचा. आठ तास त्याच्याबरोबर मजेत जातील. तक्त्यासाठी घेशील तर तुला तक्ताच मिळेल."

व्हिटलॉकने फक्त नाव लिहून घेतलं.

होकार असेल तर फोन येतो, नकार असेल तर मेल. दोन दिवसांनी टोबी धापा टाकत दारात उभा. "फोन आला! त्यांनी सांगितलं, नाव तुम्ही दिलंत. का, मिस बर्नी?"

"तुला काका नाही म्हणून."

त्याचे डोळे भरले. सवयीने तो समोरच्या बाकाकडे वळला.

"आज नको," ती म्हणाली. "आज मला तिथे कुणी नकोय."

तो मान खाली घालून निघाला. बर्नीने आणखी पाच कार्डं सरकवली आणि मग अख्ख्या मेसला ऐकू जाईल अशी हाक मारली, "रेनफ्रो! सोमवारी ये. आणि येताना बोलायला काहीतरी तुझं घेऊन ये, माझं नको!"