फुकट बदललेली मोटर

धूळ ओढणारी ती मशीन घ्यायला आईला मीच लावलं होतं. दसऱ्याच्या आधी आमच्याकडे घर अगदी माळ्यापासून झाडून निघतं. दीक्षाभूमीवर येणारे पवनी-भिवापूरकडचे नातेवाईक आमच्याच घरी उतरतात, अंगणात सतरंज्या पडतात, आणि कोपऱ्यात जाळं दिसलं तर आईला ते खपत नाही. पण तिचे गुडघे आता स्टुलावर चढू देत नव्हते. म्हणून मी म्हटलं, व्हॅक्यूम क्लीनर घेऊ. पैसे मात्र तिने स्वतःचे दिले. सारी नोकरी अंगणवाडीत गेली तिची. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या मर्जीने घेतलेली ती पहिली मोठी वस्तू.

घेतली, पण वापरली किती? दसऱ्याला एकदा, फार तर आंबेडकर जयंतीच्या आधी एकदा. बाकीचं वर्ष ती जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर असायची. "रोजच्या झाडण्याले झाडू हाय नं," असं आई म्हणायची.

मागच्या दसऱ्याआधी मी ती खाली काढली, बटण दाबलं. मशीन थोडी घुरघुरली, जळका वास आला आणि बंद पडली. आईने कपाटातून कार्ड काढलं. वॉरंटी महिनाभरापूर्वीच संपली होती.

जरीपटक्याच्या बाजारातल्या ज्या शोरूममधून घेतली होती, तिथे आम्ही दोघं गेलो. मालक तसे सज्जन, बोलायला गोड. त्यांच्या माणसाने मशीन उघडली आणि सांगितलं की मोटर जळली आहे, नवी टाकावी लागेल.

"मावशी, वापरात नव्हती ना, म्हणून जाम झाली. पडून पडून होतं असं," मालक म्हणाले.

"वापरली असती तं झिजली म्हटलं असतं," आई म्हणाली. "नाही वापरली तं जाम झाली म्हणता. मंग घ्याची कायले? शोभेले?"

दोन-चार गिऱ्हाइकं हसली. आईचा आवाज अंगणवाडीतला, तीस पोरांच्या गलक्यावरून जाणारा. शोरूमच्या काचेच्या भिंतींत तो आणखीच मोठा वाटत होता. मी तिच्या कोपराला हात लावून म्हटलं, "चल ना, नंतर बघू." ती हलली नाही.

तेवढ्यात मिहानमधल्या माझ्या ऑफिसातला एक जण बायकोसोबत फ्रिज बघायला आत आला. मला पाहून थांबला. "अरे, तू इथे कसा?"

"असंच," मी म्हटलं. "बघायला आलो होतो."

आई माझ्यापासून हातभर अंतरावर होती. ती माझ्याकडे बघत होती, तो तिच्याकडे बघत होता, आणि मी दोघांची ओळख करून दिली नाही. तो फ्रिजकडे वळला. आईने मशीन चादरीत गुंडाळली आणि म्हणाली, "चाल, घरी जाऊ." मला वाटलं, विषय संपला.

संपला नव्हता. दोन दिवसांनी दुपारी ऑफिसात मला शोरूमच्या मालकांचा फोन आला. "भाऊ, तुमच्या आई सकाळपासून बसून आहेत. मशीन मांडीवर घेऊन. मी जेवायला चला म्हटलं तर डबा आणलाय म्हणतात. आता काय करू, तुम्हीच सांगा."

माझ्या डोळ्यांसमोर ते सगळं उभं राहिलं. स्टुलावर बसलेली आई, मांडीवर चादरीचं गाठोडं, येणारं-जाणारं गिऱ्हाईक तिला वळून बघतंय, आणि त्यात कोणी ना कोणी माझ्या ओळखीचं. कान गरम झाले माझे. ती काय मागते आहे, हे मी विचारलंसुद्धा नाही.

"मोटर बदलून टाका," मी म्हटलं. "पैसे मी आत्ताच पाठवतो. फक्त तिला सांगा, कंपनीने फुकट करून दिली."

"बघा बरं, नंतर मला..."

"नाही, काही होणार नाही."

संध्याकाळी घरी आलो तर आईचा चेहरा फुलला होता. "पाह्य, झाली का नाही! त्या मालकानं सोताहून सांगितलं, कंपनी मानली म्हणे." मी म्हटलं, "वा!" माझ्या तोंडून तो शब्द इतका सहज निघाला की माझं मलाच नवल वाटलं.

त्या दसऱ्याला घर चकाचक झालं. आलेल्या प्रत्येक नातेवाइकाला आईने गोष्ट सांगितली, आणि ते गेल्यावर गल्लीत. आमची गल्ली अशी की एका घरचा मिक्सर बिघडला तर चार घरांना कळतं. बायका आईकडे येऊ लागल्या. कोणाची इस्त्री, कोणाचा गिझर. आई त्यांना म्हणायची, "बिल सांभाळून ठेवा वं, आन् वॉरंटी सरली म्हनून गप बसू नका." मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर मान घालून ते ऐकत बसायचो. रोज वाटायचं, आज सांगून टाकावं. रोज तिचा आवाज ऐकला की वाटायचं, उद्या.

मग शेजारच्या काकू आल्या. सिलिंडर संपलं तर हाताशी असावी म्हणून त्यांनी त्याच शोरूममधून इंडक्शनची शेगडी घेतली होती. मोजक्या वेळाच लावली असेल आणि ती बंद पडली. वॉरंटी संपलेली.

"रविवारी माहा पोरगा घरी असते, तो नेईल आपल्याले," आई त्यांना म्हणाली. मला नाही म्हणता आलं नाही.

रविवारी शोरूम भरलेलं होतं. काकूंनी शेगडी काउंटरवर ठेवली. मालकांनी बिल पाहिलं आणि मान हलवली. "ताई, वॉरंटी नाही यात."

"आमच्यातही नव्हती," आई पुढे होऊन म्हणाली. "आमची मोटर कंपनीनं फुकट देल्ली नं? मंग हिची काहून नाही?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या टीव्हींकडे पाहिलं. सगळ्या टीव्हींवर एकच मॅच चालू होती.

"मावशी, आता कसं सांगू..."

"सांगा नं."

"कंपनीने काही दिलं नाही. पैसे तुमच्या मुलाने भरले. आईला सांगू नका बोलले."

आई माझ्याकडे वळेल असं मला वाटलं. ती वळली नाही. मालकांना तिने एकच विचारलं, "जुनी मोटर कुठी हाय?"

"ती तर भंगारात गेली, मावशी."

"बरं." तिने काकूंची शेगडी उचलून पिशवीत घातली. "चाल वं."

घरी आल्यावर तिने आधी पाणी प्यायलं, मग मला समोर बसवलं.

"तुले काय वाटलं, मी पैशासाठी बसली होती तिथं?"

"तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"मले कुठी त्रास होऊन राहिला होता? त्रास तुले होऊन राहिला होता. असंच आलो म्हणे."

मी मान खाली घातली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती मुलांना समजावून सांगते तशी सांगत होती. शोरूममध्ये बसण्याच्या आदल्या दिवशी तिने ग्राहकांच्या मदतीच्या फोनवर विचारून घेतलं होतं. तिथल्या मुलीने सांगितलं होतं की वस्तूत मुळातच दोष असेल तर वॉरंटी संपली म्हणून हक्क संपत नाही, दोष दिसल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. फक्त दोष मुळातला आहे हे दाखवावं लागतं. बिघडलेला भाग हातचा सोडू नका, आणि तो का बिघडला ते लिहून घ्या, असंही ती म्हणाली होती.

"मी तेच मागून राहिली होती," आई म्हणाली. "मोटर काहून जळली ते लिहून द्या, आन् माही मोटर मले वापस द्या. फुकट करून द्या असं मी एकदाबी नाही म्हटलं. तूनं पैसे देल्ले, मोटर भंगारात गेली. आता कोणाले काय दाखवू?"

कंपनीशी तिचं भांडण व्हायचं होतं, ते मी होऊच दिलं नाही. आणि ते करताना आपण आईला सुख देतोय असं मला वाटलं होतं.

पण खरी शरम मला त्या संध्याकाळी वाटली. आई चप्पल घालून बाहेर पडली. मी फाटकाजवळ उभा होतो. ती गल्लीतल्या एकेका दारात थांबत होती. काय म्हणते ते पहिल्या दारात मला ऐकू आलं. "त्या दिवशी मी सांगितलं नं वं, कंपनीनं मोटर फुकट देल्ली म्हणून, ते खरं नव्हतं. माह्या पोरानं पैसे भरले होते. तुमी माह्या भरवशावर राहू नका, पहिले नीट विचारून घ्या." पुढची दारं मी ऐकली नाहीत, आत निघून आलो.

काकूंची शेगडी मात्र तिने सोडली नाही. दोघी दुसऱ्या एका मेकॅनिककडे गेल्या. आतलं सर्किट मुळातच कच्चं होतं, असं त्याच्याकडून लिहून घेतलं आणि कंपनीला नोटीस पाठवली. मी म्हटलं, इंग्रजीत मी लिहून देतो. आई म्हणाली, "मराठीत लिहिलेलं त्याईले समजते." बऱ्याच दिवसांनी कंपनीचा फोन आला. नवी शेगडी देणार नाही, पण सर्किट विनामूल्य बदलून देऊ. काकूंना तेवढं पुरेसं होतं. आई म्हणाली, आयोगात गेलो असतो तर नवीच मिळाली असती. पण शेगडी काकूंची, निर्णय त्यांचा.

दुरुस्त झालेली शेगडी शोरूममधून आणायला जायच्या दिवशी मी म्हटलं, "मी येऊ?"

"ये," आई म्हणाली. "पण मधात बोलू नको."

मी शोरूममध्ये तिच्या बाजूच्या स्टुलावर बसलो. काकूंनी शेगडी तिथेच लावून पाहायचा आग्रह धरला, आईने पाणी मागवलं, पातेलं मागवलं, आणि पाण्याला उकळी येईपर्यंत कोणालाच हलू दिलं नाही. लोक बघत होते. मी तिच्या बाजूलाच बसून राहिलो. ओळखीचं कोणी आलं नाही त्या दिवशी. आलं असतं तर मी काय म्हटलं असतं, हे मला अजूनही छातीठोकपणे सांगता येत नाही.