माटोळीतली काळी माती

खाणीवरच्या मशीनला ग्रीस लावायच्या कामावर मी गोव्यातल्या मुळगावात आलो तेव्हा सातवीतून शाळा सोडून बरीच वर्षं झाली होती. बायको आणि लहान मुलगी शिरोळ तालुक्यात गावीच राहिल्या. मला एका म्हाताऱ्या घरमालकांनी मागच्या दारची खोली दिली होती. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणायचो. पण खोली एकट्यापुरती दिली होती. बायको-मुलीला आणू का, असं विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "चवथ होऊ दे, मग बघू." चवथ म्हणजे गणेशचतुर्थी; तोवर त्या 'मग बघू'वर मी चार महिने काढले. दारातली चप्पलसुद्धा सरळ लावून ठेवायचो.

ते कोकणी-मराठीच्या भांडणाचे दिवस. आबांचा मुलगा कोकणीवाला. मोर्चा असला की बस पकडून पणजीला. आबा कट्टर मराठी. मला समोर बसवून सांगायचे, "आपली मातृभाषा मराठी. पोथी कशात वाचतो आपण?" आणि मान वळवून मुलाला कोकणीत चहा आणायला सांगायचे, "चा हाड रे."

मुलगा हसायचा. "बाबा, आतां खंयच्या भाशेन उलयलो तूं?"

त्या दोघांचं खरं-खोटं मला ठरवता येत नव्हतं. माझी चिडचिड निराळ्याच गोष्टीची. हॉटेलात मराठीच्या बाजूनं तावातावानं बोलणारा माणूस, मी मराठीत चहा मागितला की मालकाला म्हणायचा, "घाट्याक चा दी." आबांच्या घरात आरत्या व्हायच्या त्या आमच्याच. शब्द तेच, चाल जरा सावकाश. मी आमच्या वेगानं टाळ्या वाजवत पुढं निघून जायचो आणि सगळे वळून बघायचे. माणसांच्या आधी आरत्या घाट उतरून आल्या होत्या, त्यांना कधी कुणी घाटी म्हटलं नाही. हे कुणाला बोलून दाखवायची मात्र सोय नव्हती. तापानं पडलो होतो तेव्हा याच घरातल्या सुनेनं आठ दिवस पेज आणून दिली होती. बोलायचं कुठल्या तोंडानं?

चवथीच्या आधी आबांनी हाक मारली. गणपतीच्या डोक्यावर इथं लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, रानातली फळं बांधतात. तीच माटोळी. डिचोलीच्या बाजारात सगळं मिळायचं, पण विकतचं काही बांधायचं नाही अशी या घरची रीत. आपल्या कुळागरातलं, म्हणजे घरच्या सुपारी-नारळाच्या बागेतलं, आणि मागच्या डोंगरावरचं, एवढंच.

"तू डोंगरावरच कामाला असतोस," आबा म्हणाले. "यंदा रानातलं तूच आण. कांगलं हवीत, लाल लाल असतात. वरच्या अंगाला लागूनच आहेत."

वरचं अंग शिल्लक नव्हतं. दोन वर्षांत ते खणून ट्रकांत भरून गेलं होतं, आणि खणणाऱ्या मशीनला ग्रीस मीच लावलं होतं. आबांचे गुडघे गेल्यापासून ते तिकडं फिरकले नव्हते. मी अर्धा दिवस लाल चिखलात हिंडलो. कांगल्यांचा एक झुबका आणि दोन-चार कसली तरी फळं, एवढं हाती लागलं. डोंगर नाही हे म्हाताऱ्याला सांगायचं तर सांगणारा खाणीवरचा. आणि खोलीचं अजून ठरायचं होतं.

त्याच दिवशी आमच्याकडचा एक कामगार गावाहून आला. पिशवीत भुईमुगाचे वेल, शेंगांसकट उपटलेले. आमच्याकडं नवं पीक देवापुढं ठेवतात. माटोळीचा एक कोपरा मोकळा दिसत होता. मी स्टुलावर चढलो आणि वेल तिथं घट्ट बांधून टाकले. देवाला कसलं आलंय वावडं, असं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, आरतीला उभे राहिलो, आणि गणपतीच्या खांद्यावर काळी माती पडली. आमच्या रानातली, मुळांना चिकटून आलेली. मी वेल धुतलेच नव्हते.

"हें कोणें बांदलें?" आबांनी विचारलं. माझ्यासमोर ते पहिल्यांदाच रागानं कोकणीत बोलत होते.

"मी, आबा."

शेजारची एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "घाट्यान माटोळेंत शेत केलां."

"रावूं दी आतां," मुलगा म्हणाला. "देव बसयल्या उपरांत काडूंक जायना."

म्हणजे पाच दिवस वेल तिथंच. पानं सुकत गेली तशी माती आणखी गळू लागली. सून रोज सकाळी फडक्यानं देवाचा मुकुट पुसायची आणि मला बघितलं की फडकं बाहेर झटकायची. सुट्टी असून मी खोलीत बसेना, ओढ्याकाठी जाऊन बसायचो.

विसर्जनानंतर माटोळी सोडली, वाटे केले. आबांनी एक शेंग फोडून दाणा तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिले. मग मला म्हणाले, "डोंगर गेला तो मला ठाऊक आहे. मुलानं सांगितलं होतं. बघत होतो, तू सांगतोस का."

मी खाली पडलेलं टरफल उचललं.

"आण तुझ्या माणसांना," ते म्हणाले. "फक्त कुणी विचारलंच, तर सावंतवाडीकडची म्हणून सांग. वाड्यावरच्या लोकांत उगाच चर्चा नको."

मी "बरं" म्हणालो. पायाही पडलो. खोली मिळाली म्हणून डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या 'बरं'चा इतका संताप आला होता की हातातल्या शेंगा मुठीतच चुरडल्या.

बायकोला पत्रात हे सावंतवाडीचं लिहायचं धाडस झालं नाही. म्हटलं, बसमध्ये सांगू. बसमध्ये मुलगी सारखी ओकत होती, राहूनच गेलं. घरापाशी पोचलो तर तीच शेजारीण पायरीवर.

"खंयची गो तूं?"

"शिरोळ तालुका, जिल्हा कोल्हापूर," बायकोनं घसा मोकळा करून सांगितलं. वर गावाचं नाव, माहेरचंही. "विहीर कुठं हाय तुमच्यात? पोरीला धुवायचीय."

आबा सोप्यात बसून ऐकत होते. मी ट्रंक डोक्यावर घेऊन तसाच उभा. खाली ठेवावी की नको, तेच कळेना.