तांबडी रेघ

छापील नकाशाच्या ताज्या शाईचा वास आला की मला नांदे गावातली भाड्याची खोली आठवते. तेव्हा मी हिंजवडीच्या एका ऑफिसात भारत-नेपाळ रेल्वेमार्गाचे आराखडे काढायचे. एकदा काम उरकेना, म्हणून भलामोठा नकाशा घरी आणून फरशीवर पसरला, तर घरमालक काका दारातच थबकले. गावात नव्या रस्त्यासाठी मोजणीवाले येऊन गेल्यापासून कागदाची सुरळी दिसली तरी त्यांना संशय यायचा. "आमचं रान कुटं हाय यात?" "काका, हे नेपाळचं आहे." "मंग हितं कशाला आणलंय?" चष्मा लावून त्यांनी एकेक ओढा बोटानं तपासला, तरी विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी पिरंगुटहून आंब्याची कलमं आणून त्यांनी घाईघाईनं रानात लावली. झाडं असली की जमिनीचा मोबदला वाढतो. ते बघून शेजाऱ्यांनीही लावली. संध्याकाळी मातीच्या हातांनी काका परत नकाशापाशी आले. "ही तांबडी रेघ ज्या चौकोनांवरनं गेलीया, ते काय हाय?" "घरं." "त्यांना ठावं हाय का?" मी नकाशा गुंडाळला. नांद्यात रस्ता अजून आलेला नाही, कलमांना मात्र आंबे लागतात आणि काका दर उन्हाळ्यात पेटी पाठवतात. ती रेघ मी हलवली का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मी हलवली नव्हती.