दुसऱ्याने कापलेलं कापड

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात एक नियम होता. दुसऱ्या शिंप्याने शिवलेल्या कपड्याला हात लावायचा नाही. समोरच्या दुकानात शिवलेली पँट कुणी दुरुस्तीला आणली, की ते चष्म्यावरून बघत. "ज्यानं कापली त्याच्याकडेच ने बाबा." गिऱ्हाईक कितीही गयावया करो, मास्तर ढिम्म हलत नसत.

हाच बाणा त्यांनी इस्पितळातही नेला. चक्कर येऊन ते मशीनवरच कोसळले होते आणि नाडी फार मंद झाली होती. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या देणाऱ्या हृदयाच्या डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कुणाचं औषध चालू आहे?" मास्तर सरळ नाही म्हणाले. डोळ्यांत रोज थेंब घालत होते, पण ते डोळ्यांच्या डॉक्टरांचे. एकाचं काम दुसऱ्यापुढे कशाला मांडायचं? मग ठरलं, नाडी चालती ठेवणारं यंत्र छातीत बसवायचं.

"आयुष्य मशीनवर काढलं," मास्तर बायकोला म्हणाले, "आता मशीन माझ्यावर बसणार." यंत्राचा खर्च ऐकल्यापासून बायकोला मात्र घास गिळवत नव्हता.

त्या वॉर्डात शस्त्रक्रियेआधी डॉक्टर, सिस्टर आणि औषधं बघणाऱ्या मॅडम, सगळ्यांनी मिळून खाटेपाशी यायचं अशी पद्धत होती. ते आले तेव्हा बायकोच्या हातात नेमकी थेंबांची बाटली.

"अहो, वर बघा."

"थांबा, थांबा!" मॅडमनी बाटली घेतली. "सर, तुमच्या गोळीसारखी याच्यानंही नाडी मंदावते."

डॉक्टरांनी तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी थेंब बदलले, यांनी गोळी थांबवली, आणि यंत्राचं नाडी बघून ठरवू म्हणाले.

"लपवलंत का, मास्तर?" सिस्टर कडाडल्या.

"दुसऱ्याच्या कामात तुम्हाला कसं ओढायचं?"

"काम कुणाचंही असो, छाती तुमची ना?"



नाडी हळूहळू ताळ्यावर आली आणि यंत्राची गरजच उरली नाही. बायको हसता हसता रडली. मास्तरांनाही इतकं हलकं वाटलं, की त्यांनी इस्पितळातली पातळ खिचडी दोनदा मागून घेतली.

दुकान उघडलं त्या दिवशी पहिलंच गिऱ्हाईक समोरच्याने शिवलेली पँट घेऊन आलं. कमरेत घट्ट होत होती. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं, मग पँट खांद्यावर टाकून रस्ता ओलांडला.

समोरचा शिंपी कात्री हातात धरून बघतच राहिला. इतक्या वर्षांत मास्तर त्याच्या दुकानाची पायरी चढले नव्हते.

"काय रे," मास्तर म्हणाले, "शिवणीच्या आत कापड किती सोडलंयस?"