चार ओळींचा खुलासा

अनीसभाई गेल्याचे मला त्यांच्या मुलीने, शबानाने, फोनवर सांगितले. मी जठारपेठेतल्या घरी सकाळचे पेपर वाचत होतो. "चाचा, अब्बा गेले. झोपेतच. तुमी पातूरले या, पन घाई नका करू. दुपारी जोहरच्या नमाजनंतर नेतो म्हनतात," असे ती म्हणाली. आवाज स्थिर होता. वेळ, ठिकाण, कारण... सगळे एका दमात, वडिलांसारखे. त्याला आता पाच आठवडे झाले.

अनीसभाई एमआरआय तंत्रज्ञ होते. मूळचे पातूरचे, नोकरी अमरावतीच्या एका तपासणी केंद्रात. आमची ओळख झाली तेव्हा त्या केंद्रात एका नव्या कॉन्ट्रास्ट औषधाची रीतसर परवानगी घेऊन चाचणी सुरू होती. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना हे औषध सलाईनमधून देत. त्यात लोहाचे अतिसूक्ष्म कण असत. दुसऱ्या दिवशी पुन्हा एमआरआय करत. काखेतल्या निरोगी लसिकाग्रंथी, म्हणजे गाठी, ते कण धरून ठेवत आणि चित्रात काळ्या दिसत. जिथे कर्करोग शिरला असेल, तिथे कण धरले जात नसत. ती गाठ पांढरी राही. मग शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी प्रयोगशाळेत तपासून चित्र खरे की खोटे ते ठरवत.

अकोल्याहून मी आमच्या दैनिकाच्या बातमीसाठी तिथे गेलो होतो. अनीसभाईंनी भिंतीवरच्या दिव्याच्या डब्यावर फिल्म लावून मला तासभर समजावले. वहीत मी बरोबर टिपले होते : काळी चांगली, पांढरी रोगाची. संध्याकाळी डेस्कवर बसल्यावर मात्र ते वाक्य मला उलटे वाटले. रोग काळाच असणार. टिपताना आपलीच गफलत झाली, असे समजून मी ते फिरवले. त्या वर्षांत आमच्या अंकाची पहिली पाने गावोगावच्या शेतकऱ्यांच्या मृत्यूंनी भरत, आणि त्यातले प्रत्येक नाव फोन करून तपासायचे असा नियम होता. माझी बातमी पाचव्या पानाची होती; त्या पानाला तो नियम नव्हता. मी फोन केला नाही.

बातमी छापून आल्यावर चौथ्या दिवशी अनीसभाईंचा फोन आला. "साहेब, बातमी मस्त सजवली तुमी. फक्त उलटी छापली."

मी दिलगिरी व्यक्त केली, उद्या खुलासा छापतो म्हणालो.

"तो छापाच. पन आमची एक पेशंट घरी बसली. परवा तिचं ऑपरेशन हाय, आन ते म्हनते मी येत नाई. पेपर वाचून ठरवलं तिनं. आता मी सांगून राहिलो तं मानत नाई. तुमी लिवलं, तुमीच चला सांगाले."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरलो. अनीसभाई मोटारसायकल घेऊन उभे होते. डॉक्टरांना विचारून फिल्मचे पाकीट त्यांनी आणले होते, ते मला मांडीवर धरायला दिले. भातकुलीच्या पुढे एका गावात चंद्रकलाबाईंचे घर होते. अंगणात त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. नवरा, देवराव, खाटेवर बसला होता. त्यानेच माझी बातमी बायकोला मोठ्याने वाचून दाखवली होती, आणि केंद्रात पडद्यावर ओझरते पाहिलेले काळे ठिपके दोघांनाही आठवले होते.

"सारंच काळं होऊन गेलं तं कापून काय फायदा?" चंद्रकलाबाई आमच्याकडे न पाहता म्हणाल्या. "जे दिवस हायेत ते घरी काढीन."

"काकू, ज्यानं छापलं त्यालेच आनलं संगं. इचारा."

मी म्हणालो, "चूक माझी आहे. मला बरोबर सांगितले होते, मी उलटे लिहिले."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "पेपरात खोटं लिवलं. आता खरं बोलून राहिला, याची काय ग्यारंटी?"

देवराव हसला. अनीसभाईंनी फिल्म काढली, दारातल्या उन्हासमोर धरली. "हे पाहा. हे काळं हाय, तिथं औषध पोचलं. गाठ धडधाकट हाय. हे एक पांढरं दिसते? तिथं औषधाले जागाच नाई भेटली, बिमारी बसली हाय तिथं. एकच हाय. तेच काढाचं हाय, फैलायच्या आत. तुमचं वावर काळं हाय का पांढरं बरड?"

"काळं."

"मंग काळ्याले काहून भेता?"

चंद्रकलाबाईंनी फिल्म हातात घेतली. बराच वेळ एकेक ठिपका बोटाने दाखवत गेल्या आणि पांढऱ्यावर थांबल्या. "हेच ना?" शेंगांचे सूप बाजूला सारून त्यांनी नवऱ्याला सांगितले, "उद्याची पहिली एसटी किती वाजता हाय, पाहून या."

शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. काढलेल्या गाठींपैकी एकीतच कर्करोग निघाला, फिल्मवर पांढरी होती तीतच. खुलासा पाचव्या पानावर खाली, चार ओळींत छापून आला. अनीसभाईंनी त्यानंतर एक पद्धत सुरू केली. फिल्म डब्यावर लावून ते रुग्णाला समजावत आणि मग म्हणत, "आता तुमी मले सांगा." रुग्णाने बरोबर सांगितल्याशिवाय पाकीट हातात देत नसत. यावरून केंद्रात त्यांना 'मास्तर' म्हणत. माझ्या चुकीबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. चंद्रकलाबाई पुढे दर वर्षी तुरीची डाळ घेऊन त्यांच्याकडे येत राहिल्या. अनीसभाईंच्या मातीलाही आल्या होत्या, घरी बायकांत बसल्या होत्या.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा पातूरला गेलो. केंद्राने टाकून दिलेला तो दिव्याचा डबा अनीसभाईंनी निवृत्तीनंतर घरी आणला होता. शबानाने बटण दाबले. वर फिल्म नव्हती, नुसता उजेड. काचेच्या कोपऱ्यात पिवळा पडलेला कागदाचा तुकडा चिकटवलेला होता : माझा चार ओळींचा खुलासा. मूळ बातमी त्यांनी ठेवलेली नव्हती.

"चाचा, हे कशाचं हाय? अब्बा कधी सांगत नव्हते."

मी सांगितले. वही, डेस्क, न केलेला फोन, अंगण, सगळे.

तिने डब्यासमोर खुर्ची ओढली. मग म्हणाली, "थांबा. आता मी तुमाले सांगते, बराबर हाय का पाहा." तिने पहिल्यापासून सांगितले. कुठेही चुकली नाही.